बिनमिठाचं कालवण

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात, पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत, मालू सिस्टर राहते. वय अडुसष्ट. नवरा कंपनीत होता, तो जाऊन आठ वर्षं झाली. मुलगा नाशिकला. स्वतः सरकारी नर्स होती, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी गल्लीत कुणाचा रक्तदाब बघायचा असला की अजून तिलाच हाक येते. ती येते, चष्मा लावते, दंडाला पट्टा गुंडाळते, आणि यंत्रावर कितीही आकडा आला तरी आधी हसते. छान आहे म्हणते. मग निघताना दारापाशी सुनेच्या कानात सांगते, उद्या सकाळीच डॉक्टरांकडे न्या.

हा तिचा स्वभाव. आजाऱ्याच्या तोंडावर वाईट बोलणं तिला आयुष्यात जमलेलं नाही.

नोकरीची पहिली अकरा वर्षं तिने पेण तालुक्यात काढली, वडखळच्या पुढे, खाडीच्या अंगाला असलेल्या एका गावात. गाव आगरी. अर्धं भातशेतीवर जगायचं, अर्धं मिठागरावर. तिथे तिला सिस्टर कुणी म्हटलं नाही. गोडबाय म्हणायचे. सासवा असोत, सुना असोत, पिऊन आलेले नवरे असोत, कुणालाच तिने कधी वाकडा शब्द बोलून दाखवला नाही, म्हणून गोडबाय. शाळेत इंग्रजीची चार अक्षरं शिकलेल्या पोरांना त्या नावाची फार मजा वाटायची. ती दिसली की हात हलवून ओरडायची, गोडबाय, गोडबाय. मालूही हात हलवायची.

हा गोडवा तिने कुठून आणला, हे सांगायचं तर तिच्या वडिलांपर्यंत जावं लागेल. वडील ख्रिस्ती उपदेशक. नगरकडून रोह्याला आले आणि चाळीसएक माणसांची मंडळी सांभाळत इथेच राहिले. माणूस सरळ, पण बोलणं फार खारट. शास्त्रात, म्हणजे बायबलात, एक वाक्य आहे, की तुमचं बोलणं नेहमी कृपेचं असावं, मिठाने चव आणल्यासारखं असावं. वडिलांनी ते घरात दाराच्या वर खडूने लिहून ठेवलं होतं. संध्याकाळची प्रार्थना झाली की मुलांना ओळीत बसवून विचारायचे, आज बोलण्यात मीठ होतं का.

मंडळीत एक माणूस होता, त्याला गाण्याची भारी हौस. दर रविवारी पुढे उभा राहून मोठ्याने गायचा आणि हमखास बेसूर व्हायचा. एका रविवारी वडिलांनी भर उपासनेत त्याला सांगितलं, "तुमचा सूर देव ऐकून घेईल. आम्हाला ऐकवत नाही." तो माणूस खाली बसला. पुन्हा कधी आला नाही. त्याचा तो उतरलेला चेहरा दहा वर्षांच्या मालूने पाहिला, आणि आपल्या शब्दाने असा चेहरा कुणाचा करायचा नाही हे तिथेच तिच्या मनात बसलं. पुढे ती नर्स झाली, तरी ते मनातून हललं नाही.

त्या खाडीकाठच्या गावात तिला एक मैत्रीण मिळाली. हौसा.

मालू नवीन होती, चोवीस वर्षांची. हौसा तिच्याहून चार वर्षांनी मोठी, पहिलटकरीण. श्रावणातली दुपार, रस्ता पाण्याखाली, गाडी येण्याचा संबंध नाही, आणि मूल पायाळू. मालूने एकटीने केलेलं हे पहिलंच बाळंतपण. ती सारखी म्हणत होती, छान चाललंय, सगळं छान चाललंय. हौसाने तिचं मनगट घट्ट पकडलं आणि म्हणाली, "तुजं हात थंड पडल्यात गो. छान छान बोलू नको. काय हाय ता सांग."

मालूने सांगितलं. पाय आधी येतायत, अवघड आहे, मला भीती वाटतेय.

"हां," हौसा म्हणाली. "आता कवा जोर लावायचा ता सांग."

तिन्हीसांजेला हरेश जन्मला. तेव्हापासून दोघींचं जुळलं ते आजतागायत. मालूची बदली झाली, लग्न झालं, ती रोह्याला गेली, पण हौसाकडच्या प्रत्येक कार्याला ती हजर राहिली. हौसाचा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस तिथेच राहिली.

हौसा धवलारीण आहे. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले म्हणतात, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. धवले कागदावर नाहीत. हौसाने ते सासूच्या मागे बसून, तिची ओळ उचलून म्हणत म्हणत पाठ केले. दिवसा मिठागरावर डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहायच्या आणि तोंडाने धवले घोळवायचे. अक्षर एक वाचता येत नाही, पण तीनशे घरांच्या पिढ्या तिच्या तोंडात.

त्यातला सगळ्यांत नाजूक तो आवतणाचा धवला. मांडवात बसून हौसा आधी देवांना लग्नाला बोलावते. मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाला नावाने, नुकता गेलेला आधी आणि मग मागे मागे जात. मग दिव्याची एक ओळ येते. ती म्हटली की समोरचा दिवा हाताने पुढे सरकवायचा. त्यानंतर घरातल्या आणि सोयऱ्यांकडच्या जित्या वडीलधाऱ्यांची नावं. दिव्याच्या अलीकडे गेलेले, पलीकडे जिते. मधे फक्त ती एक ओळ.

मालूच्या शास्त्रात गेलेल्यांना असं बोलवायला मनाई आहे. त्यामुळे त्या वेळी ती मांडवाच्या कडेला, मागच्या खुर्चीवर बसते. हौसाला ते ठाऊक आहे. एकदा तिने चेष्टेत विचारलं होतं, तुज्या देवाला पन आवतन धाडू का गो. मालू म्हणाली, तो बिनबोलावता येतो. यावर दोघी पुष्कळ हसल्या होत्या.

यंदा फेब्रुवारीत त्याच गावात एक लग्न होतं. नवऱ्या मुलाचे चुलत आजोबा दत्तात्रेय, वय ऐंशीच्या पुढे, गुलाबी फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते. हौसाने आवतण सुरू केलं. देव झाले. गेलेल्यांची नावं आली. आणि मग, दिव्याची ओळ यायच्या आधीच, तिच्या तोंडून दत्तात्रेयांचं नाव गेलं. पाठोपाठ त्यांच्या बायकोचं. मग दिव्याची ओळ आली, दिवा पुढे सरकला, आणि धवला पुढे चालू राहिला.

मांडव एकदम गप्प झाला. बँजोवाला तारा पिळत होता, त्याचा हात थांबला. दत्तात्रेयांनी मिशीवर नेलेली बोटं तशीच राहिली. मग त्यांनी फेटा नीट केला आणि समोर बघत बसले. मागे बसून ओळ उचलणाऱ्या वैशालीने, म्हणजे हौसाच्या पुतण्याच्या बायकोने, ती दोन्ही नावं गिळली. हौसाच्या ते काही लक्षात आलं नाही.

लग्न लागलं आणि बायकांनी हौसाला गराडा घातला. एक पाया पडली. एक म्हणाली असा धवला गावात आजवर झाला नाय. दुसरी म्हणाली म्हातारीच्या गळ्यात देवी बसलेय. चुकीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. हौसाने गर्दीतून मालूला हुडकलं आणि विचारलं, कसा झाला.

"फार छान," मालू म्हणाली.

हौसा तिच्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिली. मग जेवायच्या पंगतीकडे वळली.

आठ-दहा दिवसांनी मालू पेणला डोळे दाखवायला गेली होती. परतताना वडखळला एसटीची वाट बघत उभी होती, तर टपरीच्या बाकड्यावर दत्तात्रेय चहा पीत बसलेले. त्यांनीच हाक मारली, बाजूला जागा करून दिली, तिच्यासाठी चहा सांगितला. इकडचं तिकडचं झालं. मग बशीकडे बघत ते सांगू लागले, की त्या दिवसापासून घरात चैन नाही. बायको त्यांना एकट्याला कुठे सोडत नाही. आजही नातवाच्या गाडीवर बसून आलोय, तो पलीकडे टायरमध्ये हवा भरतोय. साधी शिंक आली तरी घर गोळा होतं.

"मी त्या दिशी काय बोललो नाय," ते म्हणाले. "भर मांडवान म्हातारीचा तोंड उतरला आसता. पन बाय, पुढचा लगीन तिच्या नातीचा हाय. सोयरे कोलाडचे. ते काय आमच्यासारखे गप बसतील? तिना कुनीतरी सांगाया पायजे."

मालूने विचारलं, तुम्हीच का नाही सांगत.

"मी कसा सांगू?" दत्तात्रेय म्हणाले. "मी तर मेलोय."

मालूला हसू आलं, आणि एसटीत बसल्यावर वडखळ मागे पडेपर्यंत रडूही आलं.

मार्चच्या अखेरीस हरेश मालूच्या घरी आला. तो रोह्याला कंपनीत आहे, पहिली शिफ्ट तीनला सुटते, तसाच पत्रिका घेऊन आला. मुलीचं लग्न, प्रतिक्षाचं, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. मालूने चहा टाकला. पत्रिका हातात घेऊन तिने छपाईचं, रंगाचं, सगळ्याचं कौतुक केलं. हरेश ऐकून घेत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. शेवटी त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि आईचा विषय काढला.

आईचं डोकं चालेनासं झालंय असं नाही, तो सांगत होता. बाकी सगळं ठीक आहे. फक्त नावं पुढेमागे होतात. गावात अजून दोन हळदींना असंच झालं, कुणी बोललं नाही. आता प्रतिक्षाच्या मांडवात असं झालं, आणि कोलाडच्या एखाद्या जित्या माणसाचं नाव दिव्याच्या अलीकडे पडलं, तर पोरीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. तिला धवला म्हणू नको असं सांगायची तर घरात कुणाची छाती नाही. म्हणून त्याने एक तोड काढली होती. बँजोवाल्याला सांगून ठेवलं होतं, की म्हातारी नावांवर आली की जोरात वाजवायला लाग. ती गात राहील, कुणाला ऐकू जाणार नाही. झालं.

"तुमी फक्त नेमीसारखा गोड बोला तिच्याशी," हरेश म्हणाला. "सगले बोलतान तसाच. तुमचा ती ऐकते. तिच्या मनान शंका नको याया."

मालू म्हणाली, बरं.

तो गेला. मालू कपबशी विसळायला उठली आणि नळाखाली हात धरून तशीच उभी राहिली. सगळे बोलतात तसंच. हे शब्द तिने आधी कुठेतरी ऐकले होते.

वडील एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. अहाब राजाला लढाईला जायचं होतं. त्याने चारशे संदेष्टे जमवले आणि विचारलं, जाऊ का. चारशेच्या चारशे म्हणाले, जा, तुझाच जय आहे. वडील दोन्ही हात पसरून ते चारशे दाखवायचे. फक्त मीखाया नावाचा एक माणूस उरला होता. त्याला आणायला गेलेला शिपाई वाटेत त्याला समजावतो, की सगळे एका तोंडाने राजाला बरं तेच सांगतायत, तर बाबा रे, तूही तसंच गोड बोल. मीखाया तसं बोलला नाही. जाशील तर परत येणार नाहीस म्हणाला. त्याला कोंडून ठेवलं. आणि राजा गेला तो बाण लागून मेला. गोष्ट संपली की वडील मुलांना विचारायचे, राजाला बाणाने मारलं की त्या चारशे जणांनी. लहानपणी मालूला त्या शिपायाचं नवल वाटायचं. बिचारा भांडण नको म्हणून सांगत होता, त्याचं काय चुकलं. आज तो शिपाई तिच्या घरी येऊन चहा पिऊन गेला होता, आणि ती त्याला बरं म्हणाली होती.

हौसाला कुणी फसवायला निघालेलं नव्हतं, हे तिला कळत होतं. सगळी तिच्यावर माया करणारी माणसं. त्यांच्या मायेनेच शेवटी असं ठरवलं होतं, की हौसाचं तोंडावर कौतुक करायचं आणि मांडवात तिचा आवाज बुडवायचा.

आणि त्यात जोमाचं नाव होतं. जोमा म्हणजे हौसाचा नवरा. जुन्या बायकांसारखीच हौसाही नवऱ्याचं नाव घेत नाही. पन्नास वर्षांत एरवी तिच्या तोंडून कुणी ते ऐकलेलं नाही. पण धवल्यात घ्यावं लागतं, तिथे चालतं. हरेशच्या लग्नात जोमा जिता होता, तेव्हा त्याचं नाव दिव्याच्या पलीकडे होतं. हौसाने लाजत लाजत म्हटलं होतं आणि जोमा खाली मान घालून हसला होता. तो जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्यानंतरचं घरातलं हे पहिलं लग्न. गेल्या दिवाळीत हौसा मालूला म्हणाली होती, पोरीच्या लग्नात त्यांना हाक मारीन, तेवढ्यासाठी जगलेय. ती हाक आता बँजोखाली जाणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालूने वडिलांचं जुनं शास्त्र काढलं. ते वाक्य तिला पाठ होतं, तरी डोळ्यांनी बघावंसं वाटलं. कृपेचं असावं, मिठाने चव आणल्यासारखं. ती बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली. वडिलांनी त्यातलं मीठ तेवढं घेतलं आणि तिने कृपा तेवढी. बापलेकीने एकच वाक्य मधून फाडून घेतलं होतं, आणि दोघांनाही वाटत होतं की आपल्याकडे अख्खं आहे.

शनिवारी ती गेली. वडखळला उतरून रिक्षाने गावात पोचेस्तोवर साडेअकरा झाले. वाटेत चार वाक्यं मनात जुळवली होती. हौसा दारात बसून वाल सोलत होती. तिने मालूला बघितलं, जागेवरून उठली, हात पुसले, आणि बोलायला वावच दिला नाही. आधी जेव, म्हणाली. हरेश कामावर, सून आणि प्रतिक्षा पेणला कापड घ्यायला गेलेल्या. घरात दोघीच.

तांदळाची भाकरी, भात, आणि शेवग्याच्या शेंगा घातलेलं वालाचं कालवण. हौसाने वाढलं आणि समोर फतकल मारून बसली. मालूने पहिला घास घेतला.

"कसा झालाय?" हौसाने विचारलं.

"फक्कड," मालू म्हणाली. "तुझ्या हातची चवच वेगळी."

हौसाने हात लांब करून मालूच्या ताटातल्या कालवणात बोट बुडवलं, ते जिभेला लावलं, आणि मालूच्या डोळ्यांत बघितलं.

"त्याच्यान मीठ नाय गो," ती म्हणाली.

खरंच नव्हतं. कणभरही नव्हतं. पहिल्या घासालाच जिभेला कळलं होतं, पण जिभेने ते मनाला सांगायच्या आत तोंडाने आपलं काम उरकलं होतं.

हौसा सांगू लागली. पंधरा दिवस झाले, ती मधूनमधून मुद्दाम बिनमिठाचं कालवण करत होती. ज्या घरात तीन पिढ्या मिठागरावर राबल्या, जिथे मीठ पोत्याने असतं, त्या घरात. हरेश बोटं चाटून गेला. सुनेने लोणच्याची बरणी जवळ ओढली आणि मुकाट्याने जेवली. वैशालीला वाटीभर पाठवलं, तिने चुलतसासूला म्हणतात तसं आत्याबाय म्हणून निरोप धाडला, की आत्याबाय, तुमच्यासारखा जमत नाय. प्रतिक्षा एकटी काहीतरी म्हणायला तोंड उघडत होती, तर आईने तिला डोळ्यांनी गप्प केलं.

"आदी बाया मना बोलायच्या," हौसा म्हणाली. "आज आवाज बसलाय, आज लय ताणलंस, आज ओळ सोडलीस. भांडायच्या माज्याशी. आता सगल्या गोड बोलतान. तवाच मना वाटला, माजा कायतरी बिगाडलाय. पन काय, ता कोन सांगत नाय. तुजी वाट बगत व्हते. तू पन फक्कड बोललीस."

मालूने ताट बाजूला सारलं. जुळवलेली चारही वाक्यं कुठल्या कुठे गेली. तिचे हात गार पडले होते. हौसाने ते बघितलं आणि तिचा उष्टा हात तसाच आपल्या हातात घेतला. कामाने तळवा इतका घट्ट झालेला, की मालूला ती पकड चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची वाटली.

"काय हाय ता सांग," हौसा म्हणाली.

मालूने सांगितलं. दत्तात्रेयांचं नाव दिव्याच्या अलीकडे गेलं ते सांगितलं, त्यांच्या बायकोचंही. मांडव कसा गप्प झाला, वैशालीने नावं कशी गिळली, वडखळला दत्तात्रेय काय म्हणाले. दोन हळदींचंही सांगितलं. बँजोचंसुद्धा सांगितलं. हरेश वाईट नाही, घाबरलाय, हेही सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, "त्या दिवशी मीच सगळ्यांआधी सांगायला हवं होतं. मी फार छान म्हणाले. बाकीच्यांचं सोड, माझं चुकलं."

हौसा उठली. परसात गेली. मालू बसल्या जागी ऐकत होती. मग पाण्याचा आवाज आला, हौसा तोंड धूत होती. ती आत आली, कोपऱ्यातल्या मडक्यात हात घालून चिमूटभर जाडं मीठ घेतलं, मालूच्या कालवणात टाकलं, बोटाने ढवळलं आणि ताट परत तिच्यापुढे सरकवलं.

"मी जित्त्याला मेल्यांत बसवला," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांना पाणी होतंच. "आनि मना कुनी सांगितला नाय. दत्तू मेला आसता तं?"

मग तिने दिव्याची ओळ म्हणून बघितली. ती बरोबर आली. मग आपल्याच घरातली नावं घेतली. चौथ्या नावाशी अडखळली, पाचवं आधी आलं, आणि दिव्याची ओळ राहूनच गेली. ती थांबली. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. मालू तोंडात घास धरून बसली होती. हौसाने विचारलं, चुकला ना. मालू म्हणाली, हो, चुकलं. हा शब्द तिला वाटला होता तेवढा जड गेला नाही. हौसानेही मान हलवली, जसं कुणी वजन बरोबर सांगितल्यावर हलवतात.

त्या दुपारीच तिने वैशालीला बोलावून घेतलं. आवतणातली नावं तू म्हणशील, मी मागून ओळ उचलीन, असं सांगितलं. वैशाली आत्याबाय तुमी काय कमी हाव का, असं म्हणू लागली, तर हौसाने तिच्या हातात पाण्याचा तांब्या देऊन गप्प बसवलं. वाटीभर कालवनाची तारीफ केलीस ना, आता नावा पाठ कर. हरेशला संध्याकाळी काय ऐकावं लागलं ते मालूने बघितलं नाही, ती चारच्या एसटीने निघाली होती. पण दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. बँजोवाल्याला नको सांगितलंय एवढंच बोलला.

दत्तात्रेयांना पत्रिका द्यायला हौसा स्वतः गेली. ती त्यांच्या अंगणात उभी राहिली आणि घरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की हे जित्त्या माणसाचं आवतण आहे, जित्त्या पायांनी यायचं. दत्तात्रेयांच्या बायकोने आतून साखर आणून हौसाच्या तोंडात घातली. त्या दिवसापासून दत्तात्रेय एकटे वडखळला जाऊ लागले, असं म्हणतात.

लग्नाच्या दिवशी मालू नेहमीप्रमाणे कडेच्या मागच्या खुर्चीवर बसली. कोलाडचे सोयरे पहिल्या दोन रांगांत. दत्तात्रेय गुलाबी फेट्यात, हौसाला दिसतील असे मुद्दाम समोर. देवांचं आवतण हौसाने म्हटलं. आवाज थोडा फाटका होता. मग ती सरकली आणि वैशाली पुढे झाली. गेलेल्यांच्या नावांपाशी येताच वैशाली थांबली. पहिलं नाव तिने घेतलं नाही. दोघींनी तसं ठरवलं होतं, हे मालूलाही माहीत नव्हतं.

हौसाने डोळे मिटले आणि नवऱ्याला नावाने हाक मारली. जोमा. बँजोवाला हात मांडीवर ठेवून बसला होता. हरेश खांबाला टेकून उभा होता, त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. हौसाने नाव पुन्हा एकदा घेतलं. धवल्यात ते दोनदा घ्यायचं नसतं. कुणी काही म्हणालं नाही, आणि या वेळचं गप्प बसणं निराळं होतं. पुढची नावं वैशालीने घेतली, एकेक, सावकाश. दिव्याची ओळ आली. हौसाने दिवा पुढे सरकवला.

पंगतीत हौसा मालूच्या शेजारी येऊन टेकली. ती पाणी प्यायली, तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, कसा झाला.

मालूने हातातला घास खाली ठेवला. "देवांच्या वेळी आवाज दोनदा फाटला," ती म्हणाली. "वैशालीने मधे एक ओळ गाळली, मला वाटतं तुझी सासू म्हणायची ती. नावं सगळी जागच्या जागी. आणि जोमाचं..."

"ता नको सांगू," हौसा म्हणाली. "ता मना म्हायीत हाय."

मग तिने मालूच्या ताटातली आमटी चाखली, तोंड वाकडं केलं, आणि वाढप्याला हाक मारून मीठ मागवलं.